सासूबाईंचा हात आणि महिन्याची सुई

पवनीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हा बांगड्या कशा भरायच्या ते सासूबाईंनी शिकवलं. बाईचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं मांस हलकेच दाबायचं, तिला बोलण्यात गुंतवायचं आणि बांगडी सरकवायची. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि गिऱ्हाईक माझ्याकडे आलं.

धाकट्या मुलाच्या जन्मानंतर माझ्या कोपरांवर लाल चट्टे उठले. हळूहळू ते पाठीवर आणि हातांवर पसरले. वरून पांढरे पापुद्रे सुटायचे, थंडीत भेगांतून रक्त यायचं. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं. तो लागट नाही, हे मी प्रत्येकीला सांगत असे, पण एका लग्नघरी नवरीच्या मावशीने मला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "बांगड्या सासूलेच भरू दे." वाद न घालता मी उठले. त्या दिवसापासून चष्मा पुसत सासूबाई पुन्हा दुकानात बसू लागल्या.

रोज संध्याकाळी माझ्या पाठीला मलम मात्र त्याच लावायच्या, उघड्या हाताने. मी संकोचले की म्हणायच्या, "काहून लाजतेस? मले काई होत नाई."

पुढे बोटांचे सांधेही सकाळी सुजू लागले, मूठ वळेना. गोळ्या घेतल्या, पण त्यांनी यकृताला त्रास होतो असं रक्ततपासणीत दिसलं आणि त्या बंद कराव्या लागल्या. तेव्हा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बायोलॉजिक इंजेक्शनाचा विषय काढला.

त्यांनी नीट समजावलं. रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा माझ्याच कातडीवर आणि सांध्यांवर उठली होती. ही सूज पेटती ठेवणारे निरोप रक्तातून फिरत असतात. गोळ्या सगळ्या यंत्रणेवरच दाब आणत होत्या. हे औषध त्यातला एक ठरावीक निरोप अडवतं. जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेलं ते प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर अन्नासारखं पचून जाईल, म्हणून सुई.

"रोग मुळातून जाईल असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण तो ताब्यात राहील."

आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी झाली, कारण शरीरात दडलेला क्षय या औषधाने डोकं वर काढू शकतो. पहिली इंजेक्शनं दवाखान्यात झाली. पुढची बर्फाच्या डब्यात घालून बसने पवनीला यायची. आमच्याकडे फ्रिज नव्हता. शेजारच्या डेअरीवाल्या काकूंनी दह्याच्या भांड्यांशेजारी जागा करून दिली. वीज गेली की त्या स्वतः निरोप पाठवायच्या, आतला गारवा टिकावा म्हणून फ्रिज कुणालाच उघडू देत नाही असा.

एका संध्याकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे मलम लावायला बसल्या. त्यांचा हात पाठीवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

"इथं तं काईच लागून नाई राहिलं हाताले," त्या म्हणाल्या.

आरशात मागचं मला दिसत नव्हतं. त्यांना तर डोळ्यांनी दिसणारच नव्हतं, त्यांच्या बोटांनाच ते कळलं. ट्यूबचं झाकण लावून त्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या. मी खूप रडले. त्यांनी रडू दिलं.

सांध्यांना आणखी वेळ लागला. मूठ वळू लागली तेव्हा बांगड्या भरून घ्यायला पहिल्यांदा डेअरीवाल्या काकू आल्या. हिरवा चुडा निवडून त्यांनी हात पुढे केला. एकही बांगडी फुटली नाही. मग बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या बायाही येऊ लागल्या, आणि सासूबाई समाधानाने घरात आडव्या होऊ लागल्या.

महिन्याची सुई अजून चालू आहे. आता मीच पोटाला टोचून घेते. ताप आला की अंगावर न काढता डॉक्टरीणबाईंना कळवते. कोपरावर एखादा चट्टा अधूनमधून दिसतो, तो मी झाकत नाही. औषध शोधणारी माणसं मला कधी भेटणार नाहीत. दिवा लावताना त्यांचंही भलं चिंतते, मग सासूबाईंसाठी चहा ठेवते.