पान उमटेपर्यंत

"थांबा बाई, पान उमटून राह्यलं."

आलापल्लीच्या लाकूड डेपोत भाऊंना हाक मारली की हेच उत्तर यायचं. डोळे हातातल्या, पुस्तकं वाचायच्या जुन्या यंत्रावर. मुलानं नवीन घेतलं तेव्हा त्याचं जुनं बापाकडे आलं, आतल्या पुस्तकांसकट. भाऊ त्याला 'पाटी' म्हणत. बटण दाबलं की पाटी आधी काळी व्हायची, मग सावकाश अक्षरं यायची. तेवढ्यात माझा चहा निवून जायचा, पण भाऊ कधी वैतागले नाहीत.

आमचं काम जोडीचं. भाऊ सागाच्या ओंडक्याला टेप लावून लांबी, गोलाई पुकारत. मी वहीत लिहायची आणि मोठ्यानं परत वाचून दाखवायची. ते "बरोबर" म्हणाले की पुढचा ओंडका.

निवृत्तीच्या आधीच त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. मग भाऊ पाटीवरचं अक्षर वाढवत गेले. "छापील पुस्तकात अशी सोय कुठी हाय बाई?" शेवटी पानावर चारच शब्द मावायचे, आणि त्या चार शब्दांसाठीही ते तेवढीच वाट पाहायचे. मी चिडवायची, "भाऊ, ही कादंबरी पुढच्या जन्मी संपेल!" ते हसायचे. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

निवृत्तीनंतर एकदा डेपोत आले. पाटी माझ्यापुढे ठेवली.

"आता नाई दिसत. थोडंसंच राह्यलं. तुमी वाचा, मी आयकतो. त्यातली पोरगी घरी परत येते का नाई, तेवढं मले समजलं पायजे."

"लिलाव आटपू द्या भाऊ, रविवारी घरी येते."

लिलाव आटपला. मग पाहुणे आले, मग आणखी काही निघालं. तुम्हीही कुणाला असे रविवार दिले असतील.

भाऊ गेले. तेराव्याला वहिनींनी पाटी माझ्या हातात ठेवली.

"दर रविवारी चार्जिंगले लावाले सांगत. तुमी येसान म्हनून."

अंगणात त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मी उरलेलं सगळं मोठ्यानं वाचलं. अक्षर लहान करायला हात धजला नाही. चार शब्द, काळी पाटी, पुन्हा चार शब्द. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दुपार कलली.

पोरगी घरी परत आली.

शेवटचं पान वाचून मी सवयीनं थांबले. "बरोबर" म्हणायला कुणी नव्हतं.