खिडकीखालचा रबाब

दोन गाद्यांची लोकर धुऊन गच्चीवर वाळत पडली होती आणि तिसऱ्या गादीची शिवण निम्मी उसवून झाली होती, तेवढ्यात रहीमोच्या हाताला लाकूड लागलं. बैठकीच्या कोपऱ्यात, गादी आणि भिंतीच्या मधल्या फटीत, नवऱ्याच्या स्टिरिओची पेटी उभी होती. ती तिथे आहे हे तिला ठाऊक होतं, पण कित्येक वर्षांत तिनं ती पाहिली नव्हती. पेटीला तिनंच शिवलेला झगा होता, तांबड्या रेशमानं भरलेला. तिच्यासमोर कमरेइतकी उंच गादी आणि गादीवर तीन उशा.

समोरच्या बैठकीवर तिचा नवरा, सी मुफद्दल, पडून होता. त्याच्या अंथरुणाला वास मारायला लागला म्हणून तर हा लोकरीचा पसारा काढला होता. झटका येऊन पाच महिने झाले होते. डावा हात हलत होता, डोळे उघडत होते, पण बोलणं गेलं होतं आणि तो कुणाकडे बघतही नव्हता. रहीमो समोर उभी राहिली तरी नजर तिच्यातून आरपार जायची. आणि आता नऊ दिवस झाले, त्याचे दात उघडत नव्हते. मसुराचा हरीरा, कडधान्याचा पातळ बिसारा, केशर घातलेलं कोंबडीचं पाणी, कुराणातली यासीन म्हणून फुंकलेलं जमजमचं पाणी, सगळं ओठांवरून हनुवटीवर ओघळायचं. रोज सलाईन लावून जाणाऱ्या डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या होत्या, की त्यांना गिळता येतं, गिळायचं नाहीये. सोमवारपर्यंत वाट बघू, मग इस्पितळात नेऊन नाकातून नळी. गल्लीतल्या ज्या माणसाला गेल्या वर्षी नळी लागली, तो घरी परत आला तो चौघांच्या खांद्यावर.

आज गुरुवार होता.

सी मुफद्दलनं जन्मभर पाणीखात्यात मीटर वाचले. तेतुआनच्या प्रत्येक गल्लीतली प्रत्येक पायरी त्याला पाठ होती. कहवाखान्यात बसणं नाही, पत्ते नाहीत. एकच शौक. लग्नाच्या आदल्या वर्षी सरहद्दीपलीकडच्या सेब्त्याला दोन खेपा करून त्यानं हा स्टिरिओ आणला, पेट्या एका खेपेला आणि अँप्लिफायर दुसऱ्या खेपेला, पायघोळ जलाब्याच्या आत पोटाशी धरून. शुक्रवारी कुसकुसचं जेवण झालं की तो मशीनपुढे बसायचा, हातात सोललेलं संत्रं. कॅसेटमधल्या रबाबची ओळ संपली की एक फोड तोंडात. ओळ मध्येच असेल तर फोड बोटांत तशीच थांबायची. रहीमो वर जाऊन जपमाळ ओढत बसायची. तिचं आणि त्या वाजंत्रीचं कधी जमलं नाही. मैत्रिणींना सांगायची, "माझी सवत नुसती वीज खाते, पीठ खात नाही, एवढीच देवाची कृपा."

पण घरातली वस्तू उघडी ठेवणं तिला जमणारं नव्हतं. आमच्याकडे कुठल्याच बाईला जमत नाही. टीव्हीला झगा, शिवणयंत्राला झगा, मग सवतीनं काय पाप केलं होतं? दोन हिवाळे बसून तिनं तीन झगे भरले. खिडकीखालच्या पेटीला तांबडा, दाराजवळच्या पेटीला हिरवा आणि मशीनला पांढऱ्यावर पिवळा, दुहेरी अस्तराचा.

गेल्या थंडीत मशीन बंद पडलं. "जाऊ दे आता," असं म्हणून तो शुक्रवारी मुक्या मशीनसमोर नुसता बसायला लागला. रहीमोला तेव्हा घर शांत झाल्यासारखं वाटलं होतं. अल्ला माफ करो, बरं वाटलं होतं. आता त्या पेटीवर हात ठेवून तिनं महिने मोजले. आधी मशीन मुकं झालं होतं, मग माणूस.

सुई शिवणीत तशीच खोचून तिनं जलाबा चढवला आणि त्रांकात गल्लीत मअल्लम बूश्ताच्या दुकानी गेली. बूश्ता म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा म्हातारा, चष्म्याला दांडीच्या जागी दोरा. तिनं सगळं सांगितलं, नळीचंसुद्धा. त्यानं दुकानाची फळी ओढली आणि पिशवी घेऊन तिच्या मागून चालू लागला.

बैठकीत येऊन त्यानं आधी सी मुफद्दलच्या कपाळाला हात लावला, मग पेट्यांकडे पाहिलं.

"लल्ला रहीमो, आपल्या आया बाहेर पडताना हाईक गुंडाळायच्या तसा तुम्ही स्पीकरना डोक्यापासून पायापर्यंत हाईक गुंडाळलाय, आणि वर गादीमागे पुरलंय. आवाजानं बाहेर यायचं कसं? परवानगी काढून?"

तिला हसू आलं नाही. त्यानं पांढरा झगा काढून मशीनचं झाकण उघडलं. करपलेल्या वासाचा भपका आला. झग्याच्या अस्तरावर इस्त्री विसरल्यासारखा तपकिरी डाग होता. आतले कंडेन्सर जास्त फुगलेल्या कणकेसारखे टम्म झाले होते. हवा जायच्या जाळीवर दुहेरी कापड, मशीन तापणार नाही तर काय, असं तो पुटपुटला, आणि पुढे म्हणाला की असं भाजून बंद पडलंय हे तिसऱ्यांदा.

"तिसऱ्यांदा कसं?" रहीमोनं विचारलं. "याआधी एकदाच बिघडल्याचं मला आठवतं, तेही जुनं झालंय म्हणून."

बूश्तानं चष्मा काढून पुसला. "तो तुम्हाला तसंच सांगायचा. मी त्याला म्हटलं होतं, सी मुफद्दल, ते कापड काढ, मशीन भाजतंय. तर म्हणाला, तू कंडेन्सर बदल, कापडाचं नाव काढू नको. तिच्या डोळ्यांचे दोन हिवाळे गेलेत त्यात."

रहीमो गच्चीवर गेली. लोकर अजून ओलीच होती, उलथायची काही गरज नव्हती. तिनं सगळी उलथली, मग पुन्हा पहिल्यासारखी केली.

बूश्ता तीन दिवस खपला. कंडेन्सर सगळे बदलले. स्पीकरच्या कडेचा कुजलेला फोम काढून नवा चिकटवला, झांजेचा आवाज काढणारे बारीक स्पीकर दुसऱ्या एका मोडक्या मशीनमधून आणून बसवले, जाड तांब्याची तार ओढली, कॅसेटचं डोकं स्पिरिटनं घासलं. हे मशीन सेब्त्याच्या दुकानातही असं वाजलं नसेल, असं तो म्हणाला. मात्र पेट्या स्टुलावर उंच राहिल्या पाहिजेत, समोर गादी नको, उशी नको आणि झगे तर नकोतच.

म्हणून रविवारी दुपारी सी मुफद्दलच्या अंथरुणाखेरीज बैठकीत नुसत्या लाकडी चौकटी उरल्या होत्या. गालिचा गुंडाळून उभा, तिन्ही झगे घडी करून संदुकीवर. नणंद शामा दारातच थबकली. घर लुटलं गेलं की विकायला काढलंय, असं तिनं विचारलं. मग पेट्या दिसल्या.

"बाई गं, माझा भाऊ दहा-बारा दिवसांचा उपाशी, उद्या त्याला नळी लागायची, आणि तू वाजंत्री मांडून बसलीस? लोक ऐकतील ना."

 फजरच्या नमाजानंतर हाच प्रश्न स्वतःला विचारत रहीमोनं सतरंजी गुंडाळली होती.

बूश्ता तारा जोडून दुकानाकडे परतला होता. रहीमोनं हरीऱ्याची वाटी हातात घेतली, बिस्मिल्ला म्हटलं आणि कळ दाबली. कॅसेट त्यांच्या मुलाच्या, अन्वरच्या, बारशाची होती, सातव्या दिवसाची. ह्याच बैठकीत गाणं झालं होतं, आणि सी मुफद्दलनं दोन बाजूंना दोन मायक्रोफोन ठेवून ते उतरवून घेतलं होतं.

आधी कॅसेटमधले पेले वाजले. कुणीतरी खोकलं. वरून बाईमाणसाचा आवाज आला, "पुदिना कुठाय गं?", आणि रहीमो दोन पावलं मागे सरली. ती तिची सासू होती, जाऊन वीस वर्षं झालेली. शामा मटकन चौकटीवर बसली. मग रबाब सुरू झाला, इतका जवळ की तारेवर गज घासतो तेही कळावं.

सी मुफद्दलचे डोळे मिटलेले होते. पहिली चाल संपली, दुसरी सुरू झाली. हरीऱ्यावर साय धरली. रहीमोच्या मनात आलं, झालं, एवढाच उपाय होता, तो संपला. उद्या सकाळी गाडी बोलवायची.

त्याच्या कपाळाला आठी पडली.

काही दुखतंय असं वाटून ती वाकली. त्यानं डोळे उघडले. नजर खिडकीकडे गेली, दाराकडे, पुन्हा खिडकीकडे. डावा हात पांघरुणातून बाहेर आला, त्याचं एक बोट थरथरत हवेत इकडून तिकडे फिरलं.

"उलटं," तो म्हणाला.

पाच महिन्यांत पहिला शब्द. शामा म्हणाली, भ्रम झालाय, तोंडावर पाणी मार.

"उलटं," तो परत म्हणाला, ह्या वेळी चिडून.

तेव्हा रहीमोनं आयुष्यात पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. रबाब दाराकडून येत होता, डफ खिडकीखालून. बारशाच्या दिवशी बायकांच्या वरच्या जाळीतून तिनं सगळं पाहिलं होतं. रबाबवाला म्हातारा खिडकीखाली बसला होता, आणि डफवाला उशिरा आला म्हणून दाराशीच टेकला होता. झगे काढल्यावर दोन्ही पेट्या सारख्याच दिसत होत्या. त्यांची अदलाबदल झाली हे बूश्ताला बिचाऱ्याला काय कळणार? तांबडी कुठली, हिरवी कुठली, हे तिला एकटीला ठाऊक होतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं.

म्हणजे हा माणूस आत होता. सगळाच्या सगळा, कोण कुठे बसलं होतं त्यासकट.

"उल..." त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि रहीमोनं चमचा आत सारला. तो डोळे वटारून तिच्याकडे बघत राहिला, गाणं चालू असताना ती भांडी आपटायची तेव्हा बघायचा अगदी तसा. तिच्याकडेच बघत होता, तिच्यातून आरपार नाही. घसा हलला. घास गेला.

दुसरा चमचा दातांवरच अडला.

"सरळ करून देते," ती म्हणाली. "मग खाल?"

त्यानं मान खिडकीकडे वळवली आणि दात आवळून घेतले. अशा गोष्टींपायी ह्या माणसानं आजवर किती कुसकुस थंड केले होते, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

त्या जाड तारांना हात लावायचा तिला धीर होईना. तिनं वाटी शामाच्या हातात दिली आणि जलाबा अंगात घातला.

"बंद करते हं हे," शामा म्हणाली, "त्रास होतोय त्याला."

"अजिबात नाही. चालू दे. रागावू दे त्यांना."

तिनं दार ओढून घेतलं. तिसऱ्या प्रहरच्या असरची बांग व्हायच्या आत त्रांकातला जाऊन मअल्लम बूश्ताला बोलावून आणायचं होतं.