घासलेली खुंटी

रत्नमाला वाळूजच्या एका शेडमध्ये वेल्डिंग करते. हे काम तिला तिच्या वडिलांनी, धोंडिबांनी शिकवलं. म्हाताऱ्याचा एकच हेका: सांधा दिसला की काम कच्चं. ग्राइंडर फिरवून लोखंड गुळगुळीत केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

भीमजयंतीच्या मिरवणुकीत, ट्रकवरच्या देखाव्यात कमळातून बुद्धमूर्ती वर येणार होती. आदल्या वर्षी रुळांवरची मूर्ती खड्ड्याच्या हिसक्यानं मध्येच अडकली आणि वस्तीचं हसं झालं. म्हणून यंदा रत्नमालानं रूळच काढून टाकले. दोन बाजूंना दोन लांब दांड्या, त्यांना जोडणारा मध्ये आखूड दुवा, आणि दुव्याच्या मधोमध मूर्तीचा पाट. दांड्या गोल फिरतात, पाट मात्र सरळ वर जातो. पण ठरावीक उंचीपर्यंतच. त्यापुढं तो भलतीकडंच वळतो. दांडी तिथं अडावी म्हणून तिनं एक खुंटी वेल्ड केली होती.

क्रांती चौकात ट्रक थांबला. वस्तीतला संघपाल मूर्ती वर घ्यायचं हँडल फिरवू लागला. कमळाच्या पायथ्याशी रत्नमालाची आई, मालनबाई, बायकांसोबत वंदना म्हणत बसली होती. रत्नमालाची नजर सहज दांडीकडं गेली. खुंटी नव्हती. तिथं नितळ निळा रंग होता, आणि असं नितळ काम वस्तीत एकाच माणसाचं.

“संघपाल, थांब!”

डीजेपुढं तिचं कोण ऐकणार? खालून पोरं ओरडत होती, “अजून वर!” मूर्ती एका अंगाला सरकू लागली. रत्नमाला ट्रकवर चढली आणि हातातला पान्हा तिनं दांडीच्या वाटेत खुपसला. दांडी खणकन अडली. तिची बोटं थोडक्यात वाचली. चौकात जयघोष झाला.

धोंडिबा मागनं हसत वर आले. “बघितलंस पोरी? एक डाग दिसू दिला नाय. लोखंडाचा एक गोळा राहिला व्हता तुझा, त्यो बी घासला. अन् ह्यो पान्हा कशाला? वंगाळ दिसतंय.” त्यांनी पान्ह्याला हात घातला.

तिनं त्यांचं मनगट गच्च धरलं. “आबा, त्यो गोळा नव्हता, खुंटी व्हती. पान्हा काढला तर मूर्ती आईच्या अंगावर जाईल.”

धोंडिबांनी खाली पाहिलं. मालनबाई डोळे मिटून वंदना म्हणत होती.

“सांगायचंस तरी,” ते कसंबसं म्हणाले.

“तुमास्नी सांगावं लागंल असं वाटलंच नाय, आबा.”

हे बोलून तिलाच रडू फुटलं. पुढच्या प्रत्येक चौकात मूर्ती वर आली की तो पान्हा धोंडिबांनीच दोन्ही हातांनी धरला. “बाबा, बाजूला व्हा, फोटोत येताय,” लोक ओरडत. ते हलले नाहीत. यंदाच्या एकूण एक फोटोत कमळाआड वाकलेला म्हातारा दिसतो.