आक्काच्या हिरीतलं कासव

"कासव वर काढल्याबिगर एक पाटी माती पडाय न्हाई पायजे, छगन. आदी ते आन, मंग तुजा टिपर बोलीव."

"आनतो की आक्का, शब्द हाय माजा. पन तुज्या हिरीत उतरायचं म्हंजी सोपं हाय व्हय? दगडं बघ कशी पोटं काडून बसल्यात. दाजींना लई येळा सांगितलं, पिलास्टर करून घ्या."

"त्यांनी न्हाई केलं. आता मेलेल्या मानसाला कशाला बोलतूस? उतर."

छगन दोर कमरेला बांधून उतरला. केडगावच्या शिवारात विहिरीत उतरणारा त्याच्यासारखा गडी आता दुसरा उरला नव्हता. बापाबरोबर पाथर्डीकडून विहिरीतला दगड-गाळ वर ओढायची यारी घेऊन आला, त्याला चाळीस वर्षं झाली. पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना बापलेकांनी किती विहिरी खोदल्या, किती गाळ काढला, त्याला गणती नाही. मग नगर पसरत पसरत इकडं आलं, रानांचे प्लॉट पडले, आणि ज्यांनी विहिरी खोदायला बोलावलं तेच बुजवायला बोलवू लागले. बुजवायलाही विहिरीचाच माणूस लागतो. कड कुठं ढासळेल ते दुसऱ्याला कळत नाही, आणि टिपरसकट ड्रायव्हर आत जातो. छगननं अशा पुष्कळ बुजवल्या. बेडूक, पाणसाप, कपारीतली पारव्याची पिल्लं, खंड्याचं बीळ, सगळं खाली राहिलं. त्यानं वाकून बघायचं सोडून दिलं होतं.

कासवाची गोष्ट वेगळी. नव्या विहिरीला पाणी लागलं की खोदणाऱ्यानं ओढ्यातून एक कासव आणून आत सोडायचं, अशी त्यांची रीत. शेवाळ, मेलेलं किडूकमिडूक खाऊन ते पाणी राखतं. आक्काबाईच्या विहिरीतलं कासव छगनच्या बापानं सोडलेलं होतं. तेव्हा ते तळहाताएवढं होतं. बापानं सोडलेल्यांतलं तेवढंच आता जित्तं होतं.

वर आणलं तेव्हा ते ताटाएवढं भरलं. पाठ हिरवी, नाकाडावर एक जुना वण. पाटीत ठेवलं तर मान आत घेऊन दगडासारखं पडून राहिलं. आक्काबाई म्हणाली की मुळा धरणावर नेऊन सोड, माझा पुतण्या रोज टेम्पो घेऊन राहुरीला जातो. छगनला ते पटलं नाही. विहिरीच्या जनावरानं उघडं पाणी कधी बघितलेलं नसतं, पहिल्याच दिवशी कुणाच्या तरी जाळ्यात जाईल, असं त्याचं म्हणणं. सीना नदीचं तर नावच नको. तिथल्या काळ्या पाण्यात त्यानं म्हैस उतरवली नसती.

त्याच्या मनात एक विहीर होती. बायपासच्या अलीकडं एका सोसायटीच्या बागेत दोन वर्षांमागं त्यानंच बांधलेली. सिमेंटच्या रिंगा, आतून थापीनं अशा घोटलेल्या की आरसा. आयुष्यभर ओबडधोबड दगडांवर गुडघे फोडून घेतलेल्या माणसानं म्हातारपणी केलेलं ते नामी काम होतं. पाणी तळापर्यंत दिसायचं. त्यानं कासवाला जुन्याच विहिरीचं पाणी भरलेल्या बादलीत घालून नेलं आणि बादलीसकट खाली सोडलं. ते एक गिरकी घेऊन तळाला गेलं. परत येऊन तो आक्काबाईला म्हणाला, "राजवाडा दिलाय त्येला."

मग टिपर सुरू झाले. शहरात पाडलेल्या घरांचा राडारोडा, फरशा, फुटके संडास. आठ दिवसांत विहीर माणूस-दोन माणूस खोल उरली. पारवे चार दिवस वर घिरट्या घालत होते, पाचव्या दिवशी ते आले नाहीत.

आठव्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. पाण्याला वास मारतोय, लोक बोंबलतायत, तुमचं जनावर घेऊन जा.

छगननं जाळी काढून आत बघितलं. कासव पालथं तरंगत होतं. तो दोरानं खाली गेला, तेव्हा त्याला भिंत दिसली. पाण्याच्या रेघेला लागून सगळ्या गोलाईनं नखांचे ओरखडे होते. एके ठिकाणी तर इतके, की घोटाई पांढरी पडली होती. छगननं भिंतीवरनं हात फिरवला. बोटाचं पेर टेकेल एवढीसुद्धा जागा त्यानं ठेवली नव्हती. आक्काच्या विहिरीत ते दिवसभर पोट सुटलेल्या दगडावर बसलेलं असायचं, हे त्यानं हजारदा बघितलं होतं. पाण्यातल्या जनावरालाही दम खायला पाय टेकावा लागतो, हे त्याला माहीत होतं. विहीर निवडताना आठवलं नाही.

पोत्यात घालून त्यानं ते परत आणलं. आक्काबाई बाभळीखाली बसली होती. खोटं बोलावं असं वाटेत दोनदा त्याच्या मनात आलं होतं, पण पोतं हातात होतं.

"मेलं आक्का. चढायला जागाच नव्हती त्येला."

तिनं पोत्याचं तोंड उघडून बघितलं, परत मिटलं.

"आमच्या हिरीची दगडं पोटं काडून बसल्यात, म्हनायचास ना तू?"

मागं टिपर उभा होता, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आक्काबाईनं तिकडं बघितलंही नाही.

"ती हीर त्येचीच हाय. टाक तिथंच. कुत्री उकरतील वर ठिवलं तर."

छगन शिडी लावून उतरला. राडारोड्यावर एक दगड अजून भिंतीतून बाहेर आला होता. त्याच्या खाली त्यानं पोतं ठेवलं, हातानं मुरूम ओढून वर घातला आणि चढून आला. शिडी वर घेतली. कडेची माती पायानं दाबून बघितली, उजवीकडं भुसभुशीत लागली.

"डावीकडनं घे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "येऊ दे. अजून येऊ दे. बास."