तिसऱ्या खुर्चीवरची मेंबर

दिल्लीतल्या आमच्या सरकारी कॉलनीत एक रीत होती. कुणाच्या मुलाचा इंटरव्ह्यू असला, की आधी त्याच्या घरी खोटा इंटरव्ह्यू व्हायचा. डायनिंग टेबल मधोमध ओढायचं, पलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक, आणि उमेदवाराने स्वतःच्याच घराचं दार वाजवून आत यायचं. सगळ्यांचा जन्म केंद्र सरकारच्या खात्यांत गेलेला, त्यामुळे बोर्डावर बसायची हौस दांडगी. मराठी बंद, कारण बाहेर कोण मराठीत विचारणार?

माझी वेळ आली ती मी इतिहासात एम.ए. करायचं म्हणू लागले तेव्हा. अडचण माझ्या मार्कांची होती. बी.ए.चं पहिलं वर्ष छान, तिसरं त्याहून छान, आणि मधलं म्हणजे साफ पानिपत. दोन विषय राहिलेले, बाकीचे काठावर पास. मला जिथे जायचं होतं तिथे मार्कांइतकंच वजन इंटरव्ह्यूला होतं, आणि दुसऱ्या वर्षाबद्दल ते विचारणार हे नक्की. उत्तर देता येणार नसेल तर अर्जच करायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. बाबांना हे कळल्यावर त्यांनी अर्जाच्या आधीच बोर्ड बसवला.

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तो रिझल्ट लागला तेव्हा बाबा पेपरात डोकं घालून बसले. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी भरून काढ," आणि कुकर लावायला गेली. मला दुखवायचं नाही म्हणून ते गप्प होते, हे मला कळत होतं. तरी रागच यायचा. एवढी खचलेली मुलगी दिसते आहे समोर, तर विचारा ना!

चेअरमन होते वरच्या मजल्यावरचे नागपूरचे काका. दुसरे मेंबर बाबा. तिसऱ्या मेंबर समोरच्या ब्लॉकमधल्या काकू, पण त्या चादरी आणायला पानिपतला गेल्या आणि हायवेच्या जाममध्ये अडकल्या.

"गेल्या ना पानिपतला? मग आता कसल्या परत येतात!" काका म्हणाले.

बाबांनी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"मी काय विचारू? मला कुठे इतिहास येतो?"

"तू फक्त बस. कोरम लागतो."

आई ऑडिटमध्ये नोकरीला होती, पण तिचं ऑफिस घरात कधी दिसायचं नाही. ती खुर्चीच्या टोकावर बसली.

मी बाहेर जाण्याआधी माझ्या दुसऱ्या वर्षावर चर्चा झाली. बाबा म्हणाले, "डेंग्यू सांग. दिल्लीत डेंग्यूवर कोण शंका घेतंय?"

"आणि मेडिकल पेपर मागितले म्हणजे?" काका म्हणाले. "त्यापेक्षा पर्सनल रीझन्स म्हण. त्याच्या पुढे कोणी जात नाही, यार."

इस्त्रीचा कुर्ता घालून मी दार वाजवलं. सुरुवात बाबांच्या ठेवणीतल्या प्रश्नाने झाली: हिंदूराव कौन थे? दिल्लीच्या लोकांना ते नुसतं हॉस्पिटल वाटतं; खरे ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे मेहुणे. मी ग्वाल्हेरपासून दिल्लीत रिजच्या टेकडीवरच्या त्यांच्या कोठीपर्यंत सगळं सांगितलं आणि बाबा खूश झाले. मग काकांनी चष्मा वर केला.

"सेकंड इयर में नंबर इतने कम क्यों?"

"सर, पर्सनल रीझन्स."

"अच्छा," म्हणून काका पुढच्या प्रश्नाकडे वळले.

"एक मिनट," तिसऱ्या खुर्चीवरून आवाज आला. "पर्सनल मतलब? आप कॉलेज जाती थीं या नहीं?"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. ऑफिसात ती याच आवाजात लोकांना फायली उघडायला लावत असणार. मला जन्मभर 'अगं' म्हणणारी बाई 'आप' म्हणत होती. मराठीत विचारलं असतं तर मी "काही नाही गं" म्हणून उठले असते. या बाईंपुढून उठता येईना.

"नहीं मॅडम," मी म्हटलं.

आणि सांगत गेले. दुसऱ्या वर्षाचा पहिला सेमिनार. मी बोलायला उभी राहिले आणि तोंडातून आवाजच फुटेना. कुणी हसलंसुद्धा नाही. सर प्रेमाने म्हणाले, बैठ जाओ, कोई बात नहीं. त्यानंतर कॉलेजचं गेट दिसलं की मी मागे फिरायचे. रोज वेळेवर घरून निघायचे, मेट्रोने शेवटच्या स्टेशनपर्यंत जायचे आणि संध्याकाळी परत. असे कित्येक महिने काढले.

"अगं, पण तू..." बाबांच्या तोंडून मराठी निघालं. आईने त्यांच्याकडे न बघता हात वर केला.

"टिफिन कहाँ खाती थीं आप?"

"स्टेशन के बाहर. सीढ़ियों पर."

"अकेली?"

"जी."

मग तिने विचारलं, "थर्ड इयर में क्या बदला?"

नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांना मी विचारलं, बसून, कागदावरून वाचू का? त्या म्हणाल्या, वाच. आवाज कापला, पण निघाला. मग हळूहळू उभी राहून बोलू लागले.

"बिल्कुल यही बोलना है वहाँ," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बाबांनी उगाचच चहाचं विचारलं.

काका वर गेल्यावर मी त्याच टेबलावर लॅपटॉप उघडून अर्ज भरायला घेतला. आई मागे येऊन उभी राहिली. अर्ज गेल्याचं स्क्रीनवर दिसल्यावर तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता ती मराठीत बोलली.

"डबा रोज रिकामा यायचा गं. मला वाटायचं, सगळं बरं चाललंय."

मला रडू आवरेना.

"खात होते गं आई," मी म्हटलं. "तेवढं तरी रोज करत होते."