नव्या रिळाच्या चार तारा

मोहगावच्या हिरामण गजभियेचं हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतलं काम म्हणजे केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा मापानं कापायच्या. मिलिमीटरचीही चूक चालत नसे. एका ओळीत बारा छोटे अँटेना होते. प्रत्येकाकडे जाणारा संदेश प्रकाशाच्या रूपानं आपापल्या तारेतून जायचा. तार जरा लांब, तर संदेश जरा उशिरा. हा बाराही तारांचा उशीर नेमका जुळला की अँटेना जागचे न हलता लहरींचा झोत हवा तिकडे वळायचा.

१९८८च्या मार्चात चाचणी झाली, अन् झोत वळण्याऐवजी फाटून भलत्याच दिशांना गेला.

"तारा कोणी कापल्या?" साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. त्याच संध्याकाळी हिरामणचा आत शिरायचा पास काढून घेतला गेला; नोकरी सुटली.

मोहगावला घरी परतल्यावर त्याला घास जाईना.

"असे किती दिवस कुढत राहता?" बायको, मंगला, म्हणाली.

"मी तं दोन-दोनदा मोजून कापलं, मंगला. चुकलो कुठी?"

कापलेल्या तारांची आपली नोंदवही तो रोज पहिल्या पानापासून वाचायचा. सोळाव्या दिवशी बोट एका ओळीवर थांबलं. आठ तारांनंतर जुनं रीळ संपलं होतं. उरलेल्या चार नव्या रिळातल्या, वेगळ्या कारखान्याच्या. लांबी बरोबरच होती! पण या काचेत प्रकाश किंचित हळू चालत असेल, तर वीस-वीस मीटरच्या तारेत सगळाच मेळ बिघडणार.

फेरचाचणी सोमवारी होती. ती फसली की अँटेनाचं सगळं कामच बंद. शुक्रवारी सकाळी त्यानं जवळच्या सौसरच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. दुपारी लाइन लागली.

"साहेब, मी हिरामण. रीळ बदललं होतं, साहेब. नवी काच..."

"घरी बसून कारणं शोधतोस?" फोन बंद झाला.

त्यानं रिसीव्हर ठेवला. मग टेलिग्रामचा फॉर्म मागितला अन् प्रयोगशाळेतल्या सुधा मॅडमच्या नावानं लिहिलं, 'शेवटच्या चार तारा वेगळ्या काचेच्या. बदला.'

दहाव्या दिवशी त्यांचं पत्र आलं. 'दुसऱ्या विभागातून जुन्या काचेचं रीळ आणलं अन् रविवारभर खपून चारही तारा बदलल्या. झोत बरोबर वळला. तुमच्यासाठी मी दोनदा बोलले. साहेब म्हणाले, जागा भरली.'

"म्हंजे तुमचंच खरं निघालं," मंगला म्हणाली. "मंग बलावलं काऊन नाही?"

हिरामण ओट्यावर बसला अन् गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडला.

जूनपासून तो पांढुर्ण्याला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊ लागला. प्रयोगशाळेला त्यानं तीन अर्ज पाठवले. शेवटचा न फोडताच परत आला, तेव्हा तो दुकानात होता. मंगलानं पाकीट घेतलं, पेटीत लुगड्यांच्या तळाशी सारलं, अन् त्याला सांगितलं नाही.