नव्या सेटचा सात नंबर

बॉल माझ्या डाव्या डोळ्यावर बसला. मी तोंडावर पडले, दातांत माती गेली. हातातलं खुरपं तेवढं सुटलं नव्हतं. दुखायला लागलं ते नंतर.

"बॉल!" म्हणून ओरडला तो माझा नवरा. तो ओरडला म्हणून मी मान वर केली. नसता ओरडला तर पाठीत लागला असता आणि चार दिवस शेकत बसले असते.

नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर तो शहराबाहेर राऊ गावाच्या रस्त्याला असलेल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी झाला, आणि मी तिथेच गवत निंदायला लागले. कॅडी खेळणाऱ्याची बॅग उचलतो, पण तो नुसता हमाल नसतो. झेंडा किती लांब आहे ते नजरेनं ओळखून कुठल्या क्लबनं, म्हणजे कुठल्या काठीनं, मारायचं ते तो ठरवतो. माझा नवरा तोंडानं सांगतही नसे. क्लब काढून हातात द्यायचा. खेळणाऱ्याला विचारणं त्याला कमीपणाचं वाटायचं. तिथले सगळे जुने कॅडी तसेच होते.

निंदणाऱ्या बायकांचाही एक हिशेब होता. लांब मारणारा आला की उठून झाडामागे जायचं. बाकीच्यांसाठी कोण उठतंय, दिवसभर उठबस करून गुडघे जातात.

तो बॉल मारणारा साहेब पुण्याहून इथल्या कंपनीत आलेला, मराठी, म्हणून आम्हाला काका-काकू म्हणायचा. खेळ यथातथाच. क्लबांवर नंबर असतात, नंबर जितका लहान तितका बॉल लांब जातो. सात नंबरनं त्याचा बॉल एकशे तीस यार्ड जायचा, तोही नीट लागला तर. तो रविवारी सकाळी पहिल्या होलवर उभा राहिला तेव्हा माझ्या शेजारी निंदणारी हातोद गावची बाई म्हणाली, "बैठी रह काकी, इसका तो झंडे तक भी नी आता." मी हसले आणि झेंड्यामागे तशीच निंदत बसून राहिले.

झेंडा बरोबर एकशे तीसवर होता. नवऱ्यानं सात नंबर दिला. फक्त क्लबांचा सेट नवा होता. जुना सेट साहेबानं आदल्याच दिवशी माझ्या नवऱ्याला बक्षीस देऊन टाकला होता, आणि नव्याचा हा पहिला फटका. बॉल झेंड्यावरून गेला, झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, ग्रीनच्या, मागे उन्हानं भाजलेल्या जमिनीवर टप्पा खाल्ला आणि माझ्याकडे आला.

डोळा वाचला नाही. क्लबाच्या ऑफिसात लिहिलं गेलं की कॅडीनं चुकीचा क्लब दिला. नवऱ्याचा बिल्ला काढून घेतला. काम गेलं ते गेलंच, पण ह्या माणसानं ते खरं मानलं. जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसायचा नाही. "माझ्या हातून झालं," एवढंच म्हणायचा. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं अंतर चुकला नाहीत, त्या दिवशीच कसे चुकाल?" तर उठून बाहेर जायचा.

महिन्याभरानं साहेब सफरचंदं घेऊन आला. बॅग त्याच्या गाडीतच होती. मी म्हटलं, "साहेब, तुमचा सात नंबर आणा जरा."

"कशाला काकू?"

"आणा तर."

मी चौथीपर्यंत शिकलेली, पण नवऱ्यानं घरी आणलेले क्लब वर्षानुवर्षं मीच ब्रशनं घासलेत. साहेबाचा जुना सात आणि नवा सात फरशीवर शेजारी टेकवले. जुन्याचं तोंड आभाळाकडे कललेलं होतं, नव्याचं चांगलंच उभं. मग मी जुना पाच नंबर काढून लावला. नव्या सातशी तो जवळजवळ जुळला. आकडा सातचा आणि काम पाचचं.

नवऱ्यानं तिन्ही क्लब उचलून पुन्हा लावून बघितले.

साहेब मात्र खुशीत सांगायला लागला. "ह्याला गेम इम्प्रूव्हमेंट आयर्न म्हणतात काकू. आमच्यासारख्या कच्च्या लोकांसाठीच असतात. पाठ पोकळ करून वजन कडेला आणि खाली दिलंय. वाकडातिकडा लागला तरी सरळ जातो. खालचा भाग रुंद, त्यामुळे जमिनीत रुतत नाही. माझा खेळ किती सुधारलाय! फक्त बॉल ग्रीनवर पटकन थांबत नाही, घरंगळतो. आणि जवळचा फटका असला की हातात नेमका क्लब नसतो."

"आणि लांब किती जातो?"

"वीस यार्ड जास्त. दुकानात मशीनवर बघितलं होतं ना."

मग मी विचारलं, "बघितलं होतं, तर त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, काकांना कळेलच."

"मग आता ऑफिसात लिहून द्या. वीस यार्ड, मशीनवर बघितलं होतं म्हणून."

"बघतो काकू," म्हणाला. गाडीत बॅग टाकताना त्यानं तो सात नंबर लेकराचं तोंड पुसावं तसा रुमालानं पुसून घेतला. लिहून काही दिलं नाही. दोनदा मी स्वतः ऑफिसात गेले. तिथला बाबू म्हणाला, "माताजी, क्लब का नंबर तो सात ही था ना? फिर?" मी त्याला फरशीवर लावून दाखवते म्हटलं, तर त्याला वेळ नव्हता.

मला वाटलं होतं, खरं कळल्यावर नवऱ्याच्या मनावरचं ओझं उतरेल. झालं उलटंच. "मी विचारायला हवं होतं," हे नवं वाक्य सुरू झालं. "दोन शब्द विचारले असते, साहेब हे किती जातात, तर?" त्याचं म्हणणं खरं होतं. विचारायला हवं होतं. आणि मीही उठायला हवं होतं. पण सांगायला हवं होतं ते तिसऱ्यानं, आणि त्याची झोप एक दिवसही उडाली नाही.

जुना सेट मी भंगारात घातला. नवऱ्यानं अडवलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला. डॉक्टरनं छातीचं दुखणं सांगितलं, मी भांडले नाही. साहेबाचा खेळ चांगला सुधारलाय म्हणतात.

मी जिवंत आहे.